बास कोणाच्या हातात होता? ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ आणि फॅन मंडळींचे वाद

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या फॅन मंडळींत भांडण लावून द्यायचं असेल तर फार काही करावं लागत नाही, ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’चं नुसतं नाव काढलं तरी पुरतं. २००४ साली आलेली ही डॉक्युमेंटरी अजून लोकांना झोंबते. रॉक बँडवर इतकी प्रामाणिक फिल्म दुसरी नाही, असं एक गट म्हणतो. दुसऱ्याच्या मते ही कोट्यधीशांची सव्वादोन तासांची रडारड आहे. तिसऱ्याला ती चक्क विनोदी वाटते, आणि तोही अगदीच चुकत नाही. एका बाबतीत मात्र तिघांचंही एकमत असतं: फिल्ममध्ये बनताना दिसणारा ‘सेंट अँगर’ हा अल्बम बिघडला याचं खापर ड्रमर लार्स उलरिकच्या डोक्यावर फोडायचं.

मला ते पटत नाही. घोडं कुठे पेंड खात होतं ते फिल्ममध्ये स्वच्छ दिसतं, आणि ती जागा ड्रमच्या स्टुलावर नाही. ती आहे प्रोड्युसर बॉब रॉकच्या गळ्यात अडकवलेल्या बास गिटारमध्ये.

ज्यांनी फिल्म पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी २००१ मध्ये बासिस्ट जेसन न्यूस्टेडने चौदा वर्षांनी बँड सोडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उरलेले तिघे (गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड, लार्स आणि गिटारिस्ट कर्क हॅमेट) सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी तळावरच्या बराकीत तात्पुरता स्टुडिओ मांडून बसले. सोबत प्रोड्युसर बॉब रॉक, फिल टाऊल नावाचा ‘परफॉर्मन्स कोच’ आणि जो बर्लिंजर व ब्रूस सिनॉफ्स्की यांचे कॅमेरे. या दोघांच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या १९९६ च्या फिल्मला मेटॅलिकाने आपलं संगीत वापरू दिलं होतं, ओळख तिथली. जुलैमध्ये जेम्स हेटफिल्ड दारू सोडवण्यासाठी उपचार केंद्रात गेला आणि काम ठप्प झालं. २००२ च्या वसंतात तो परतल्यावर सॅन राफेलमधल्या नव्या स्टुडिओत काम पुन्हा उभं राहिलं आणि जून २००३ मध्ये अल्बम बाजारात आला. मूळ बेत प्रसिद्धीच्या फिल्मचा होता. पुढे रेकॉर्ड कंपनीच्या मनात यातून टीव्ही मालिका काढायचं आलं, तेव्हा बँडने पैसे मोजून हक्क आपल्याकडे घेतले. आपली इतकी शोभा करणारं चित्रण विकत घ्यायचं, आणि दडपून न टाकता थिएटरात लावायचं! या एका गोष्टीसाठी तरी रडारड म्हणणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

आता स्नेअर. ‘सेंट अँगर’चा विषय निघाला की पहिला दगड त्यातल्या स्नेअर ड्रमच्या डब्यासारख्या आवाजावर पडतो, म्हणून तो आधी निकालात काढू.

स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला चिकटून बारीक वळणदार तारांची एक पट्टी ताणलेली असते, बहुतेक ड्रमला वीसेक तारा. वरच्या पडद्यावर काठी पडली की आतली हवा खालचा पडदा हलवते, तारा त्यावर थडथडतात आणि तो ओळखीचा ‘चटाक्’ आवाज येतो. ड्रमच्या बाजूला एक खटका असतो. तो खाली केला की पट्टी सुटते आणि स्नेअरचा उंच पट्टीतला टॉम (बिनतारांचा साधा ड्रम) होतो, धातूचं अंग असेल तर घुमणारा. लार्सने नंतर मुलाखतीत सांगितलंय की खटका लावायचा राहून गेला होता, टेक ऐकताना तो आवाज आवडला आणि तसाच ठेवला.

यात बिघडतं कुठे? तारा लावलेल्या स्नेअरचा आवाज बराचसा खरखरीचा असतो. त्याला ठाशीव सूर नसतो, म्हणून तो कुठल्याही गाण्यात खपतो. तारा सोडल्या की प्रत्येक ठोक्याला एक सूर ऐकू येतो, आणि तो गाण्याच्या सुरात असेलच असं नाही. गाणं जलद असेल तर एका ठोक्याची घुमी विरायच्या आत दुसरा ठोका पडतो, मग तो सूर गाणंभर मागे लागतो. त्यावर कॉम्प्रेशन (मोठा-बारीक आवाज एका पातळीवर आणणारी प्रक्रिया) चढवलं की ठोक्याचं टोक दबतं आणि शेपूट वर येतं, म्हणजे नको असलेलंच जास्त ऐकू येतं. त्यात गिटारी बहुतेक गाण्यांत ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, जाड तारेकडून सी जी सी एफ ए डी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते, इथे ती ६५ वर आलेली. गिटार बासच्या अंगणात उतरलेली, बास तिच्याखाली गाडलेला, सोलो एकही नाही. वरची सगळी जागा मोकळी, आणि तिथे तो डबा एकटा वाजतोय. त्याच्यापासून लपायला जागाच उरत नाही.

इथवर लार्सविरुद्धची तक्रार रास्त आहे. पण २०१५ च्या सुमारास काही हौशी वादकांनी हा अख्खा अल्बम नेहमीच्या स्नेअरने पुन्हा वाजवून इंटरनेटवर टाकला. तो ऐकावा. कानाला नक्कीच बरा लागतो. तरीही ‘इनव्हिजिबल किड’ चालूच राहतं आणि ‘शूट मी अगेन’च्या मध्यावर लक्ष उडतं ते उडतंच. डबा काढला तरी गाण्यांची लांबी आणि त्याच रिफची (गिटारच्या छोट्या सुरावटीची) आवर्तनं जागच्या जागी राहतात. दुखणं तिथे आहे.

गणित करून पाहा. १९९१ चा ‘ब्लॅक अल्बम’ बारा गाण्यांचा, साधारण ६२ मिनिटांचा, म्हणजे एका गाण्याला पाच मिनिटांहून थोडं जास्त. ‘सेंट अँगर’ अकरा गाण्यांचा, ७५ मिनिटांचा, गाण्यामागे जवळजवळ सात. यावर कोणी ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’चा, म्हणजे फॅनच्या ‘जस्टिस’चा, दाखला देईल: १९८८ चा तो अल्बम नऊच गाण्यांत ६५ मिनिटांचा आहे, त्याबद्दल कोणी ओरडत नाही. खरं आहे. पण ‘जस्टिस’ची गाणी बांधलेली आहेत. भाग बदलतो, ताल बदलतो, सोलोने गाणं दुसऱ्या वळणावर जातं. ‘सेंट अँगर’ची गाणी जोडलेली आहेत. फिल्ममध्ये कृती उघड दिसते. घरून तयार रिफ आणायचा नाही, सगळं खोलीत एकत्र निर्माण करायचं, असा दंडक. मग तासन्‌तास जॅम, म्हणजे आधी न ठरवता एकत्र वाजवणं, तो संगणकावर रेकॉर्ड करायचा, बरे वाटलेले तुकडे कापून एकामागे एक लावायचे. संगणकावर तुकडा चिकटवायला श्रम पडत नाहीत. काढायला मात्र कोणीतरी ‘हा नको’ म्हणावं लागतं.

इथे बॉब रॉक येतो. या फिल्मवर बोलताना फॅन त्याला दोन ओळींत गुंडाळतात, ते चुकतं. तो १९९१ मध्ये कसा काम करायचा हे पाहायचं असेल तर ‘अ इयर अँड अ हाफ इन द लाइफ ऑफ मेटॅलिका’ ही अॅडम ड्युबिनची दोन भागांतली डॉक्युमेंटरी आहे, लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत चित्रित झालेली. तिथे तो बँडच्या डोक्यावर बसलेला आहे. सगळी गाणी एकाच ई सुरात येतायत हे त्यानेच दाखवून दिलं आणि ‘सॅड बट ट्रू’ एक सूर खाली गेलं. ‘एंटर सँडमन’चे पहिले शब्द पाळण्यातल्या बाळाच्या मृत्यूबद्दल होते, ते पुन्हा लिहायला हेटफिल्डला त्यानेच सांगितलं. बँड त्याच्यावर इतका वैतागला होता की याच्याबरोबर पुन्हा काम नाही, अशी भाषा सुरू होती. प्रोड्युसरचं काम हेच.

आता २००१ ची खोली. बासिस्ट नाही, म्हणून बास रॉकच्या हातात. अल्बमवरचा सगळा बास त्याचाच आहे. शब्द सगळ्यांनी मिळून लिहायचे, म्हणून वहीही त्याच्या मांडीवर. गाण्यांच्या श्रेयात हेटफिल्ड, उलरिक, हॅमेट आणि रॉक अशी चार नावं सरसकट आहेत. कोचच्या बैठकीतही तो गोलात बसलेला. म्हणजे जो काचेपलीकडून ऐकायला हवा, तोच काचेअलीकडे घाम गाळतोय. स्वतः वाजवलेल्या, स्वतः लिहिलेल्या आठ मिनिटांच्या गाण्यातली तीन मिनिटं कापा, असं कोण कोणाला सांगणार? शिवाय जो तो नुकताच सावरलेला, कोणाचं मन दुखवायचं नाही असा एकूण करार. रॉकचं नंतरचं म्हणणं असं की अल्बम गॅरेजमध्ये जमलेल्या बँडसारखा वाजावा हाच हेतू होता. तो साधलाही. पण गॅरेजमधला बँड ७५ मिनिटं वाजवतो तेव्हा शेजारचा कोणीतरी दार ठोठावतो, इथे तो शेजारीच नव्हता.

म्हणूनच टॉर्बेन उलरिकचा प्रसंग फॅन मंडळी इतक्या चवीने सांगतात. लार्सचे वडील, डेन्मार्कचे जुने डेव्हिस कप टेनिसपटू, लांब पांढऱ्या दाढीचे. लार्स त्यांना एक तुकडा ऐकवतो. ते शांतपणे ऐकतात आणि सांगतात की मी असतो तर हे पुसून टाकलं असतं. लार्सचा चेहरा पाहण्यासारखा होतो. लोक याला बाप-लेकाच्या नात्याचा प्रसंग समजतात. आहेच तो. पण अख्ख्या फिल्ममध्ये ‘नको’ असं तोंडावर आणि विनाअट म्हणणारा माणूस कोण, हेही पाहा: ना बँडमधला, ना पगारावरचा.

कर्क हॅमेटही ‘नको’ म्हणतो, पण मऊ आवाजात. सोलो ठेवायचेच नाहीत असा सूर निघतो तेव्हा तो सांगतो की सोलो काढले तर उलट अल्बमवर या काळाचा शिक्का बसेल, आत्ता जे चालू आहे त्यामागे आपण धावलो असं दिसेल. अगदी तसंच झालं. २००३ मधल्या ‘न्यू मेटल’ या संगीतप्रकाराच्या फॅशनचा शिक्का ‘सेंट अँगर’वरून आजही निघत नाही. ‘कर्क बरोबर होता’ हे फॅनचं सगळ्यात लाडकं मत आहे, आणि सगळ्यात खरंही. फक्त त्यातून तो बिचारा होता असा अर्थ काढू नये. वीस वर्षं दोन दांडग्यांच्या मध्ये टिकायची त्याची रीत ती होती, आणि ऐन गरजेला ती तोकडी पडली.

हेटफिल्डच्या वेळापत्रकावर तर दोन तट आहेत. उपचारानंतर तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार. त्यावर कडी म्हणजे तो नसताना इतरांनी झालेलं कामही ऐकायचं नाही, कारण मागून निर्णय होतात. लार्स भडकतो. येरझाऱ्या घालत घालत शेवटी जेम्सच्या तोंडाजवळ जाऊन ती प्रसिद्ध शिवी हासडतो. व्यसनातून बाहेर येणारं माणूस ज्यांनी जवळून पाहिलंय ते जेम्सच्या बाजूने बोलतात: चार म्हणजे चार, नाहीतर घसरगुंडी सुरू. त्यांचं बरोबर आहे. पण स्टुडिओच्या बाजूनेही हिशेब मांडा. चार तासांतून वाद्यं सुरात लावणं, हेडफोनमधला आवाज जुळवणं, हात गरम करणं वजा केलं की खरं वाजवायला अडीच तास राहतात. पूर्वी वादक घरी गेल्यावर ड्रमर आणि प्रोड्युसर टेकमधले चांगले भाग निवडायचे. ‘ब्लॅक अल्बम’चे ड्रम असेच बेतलेले आहेत. नव्या नियमाने नेमके तेच तास गेले. म्हणजे कात्री लावणारा माणूस आधीच उठून गेलेला, आता कात्री लावायची वेळही गेली. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि अल्बम मधल्यामध्ये चेपला गेला.

फिल टाऊलबद्दल लिहायला बसलं तर वेगळी पोस्ट होईल. महिना ४०,००० डॉलर. लोक त्याला सर्रास थेरपिस्ट म्हणतात, पण बँडने आणला होता तो कामगिरी सुधारणारा कोच, खेळाडूंबरोबर काम केलेला. बँडचं ध्येयवाक्य लिहिणं वगैरे हास्यास्पद वाटतं खरं. पण हेटफिल्ड आणि उलरिक एका खोलीत बसून एकमेकांशी पूर्ण वाक्यं बोलायला लागले हे त्याच्यामुळेच, हेही पडद्यावर दिसतं. चूक त्याला आणण्यात नव्हती, त्याला संपवण्याची तारीख न ठरवण्यात होती. नंतर तो गाण्याचे शब्द सुचवायला लागतो, मुक्काम हलवायच्या गोष्टी करतो, आणि हेटफिल्डला वाटू लागतं की हा स्वतःला बँडमधलाच समजतोय. पुन्हा तोच रोग: बाहेरच्याने बाहेर राहायचं, हे या खोलीत कोणालाच जमलं नाही.

डेव्ह मस्टेनचा प्रसंग १३ सप्टेंबर २००१ चा. १९८३ मध्ये बँडमधून काढलेला माणूस अठरा वर्षांनी लार्ससमोर बसून सांगतो की तेव्हापासून आपण दुसऱ्या नंबरवरच राहिलो. मेगाडेथसारखा बँड उभा करून! मेगाडेथच्या फॅनना तो प्रसंग अपमानकारक वाटतो, आणि तो घेतल्याबद्दल मस्टेनने स्वतःही जाहीर नाराजी दाखवली. त्याच्या वतीने एक लक्षात ठेवावं. लांबलेल्या बोलण्यातली काही मिनिटंच फिल्ममध्ये आहेत, आणि ज्याच्याशी त्याचा खरा हिशेब होता तो हेटफिल्ड तेव्हा उपचार केंद्रात होता.

न्यूस्टेडचा पक्ष घेणारे बहुसंख्य आहेत, मीही त्यातलाच. इकोब्रेन नावाचा दुसरा बँड त्याला करायचा होता, हेटफिल्डने अडवलं, तो गेला. लार्स, कर्क आणि रॉक इकोब्रेनच्या कार्यक्रमाला जातात, नंतर भेटायला मागे जातात, तर जेसन निघून गेलेला. त्यानंतरचं लार्सचं बोलणं, जेसन भविष्यकाळ आणि आपण भूतकाळ अशा अर्थाचं, अख्ख्या फिल्ममधलं त्याचं सगळ्यात उघडं बोलणं असावं. ‘जस्टिस’च्या मिक्समध्ये ज्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याच्या जाण्याने एवढी पोकळी पडावी! भारतातल्या प्रेक्षकांना मात्र जेसन मंचावर पाहायला मिळालाच नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर दिसला तो रॉबर्ट ट्रुहियो. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याची निवड झाली ती फिल्ममध्ये आहे: बोटांनी वाजवणारा, आधी सुइसायडल टेंडन्सीज हा बँड आणि गायक ऑझी ऑस्बोर्न यांच्याबरोबर होता, आणि दहा लाख डॉलरचा आगाऊ प्रस्ताव ऐकून गप्पच होतो. निवड चाचणीत बरेच जण येऊन जातात. ट्रुहियो ‘बॅटरी’ सुरू करतो तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघतात. तिथे आवाज वाढवून पाहावं, कितीतरी वेळाने खोलीत खरा बास ऐकू येतो.

लार्सने ख्रिस्टीज या लिलावघरात आपल्या संग्रहातली चित्रं विकायला काढली, बास्किया या चित्रकाराच्या एकट्या चित्राचे पंचावन्न लाख डॉलर आले, यावर फॅन चिडतात. इंटरनेटवर गाणी फुकट वाटणाऱ्या नॅप्स्टरवर मेटॅलिकाने केलेल्या खटल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे जखम ताजी होती. मला तो भाग कंटाळवाणा वाटतो. कापला असता तर चाललं असतं.

पुन्हा पाहणार असाल तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी ‘अ इयर अँड अ हाफ’चा पहिला भाग, निदान रॉक आणि हेटफिल्डचे वाद तरी. मग ही फिल्म, आणि पाहताना प्रत्येक प्रसंगात रॉक कुठे बसलाय तेवढंच बघा: कन्सोलपाशी, सोफ्यावर की बास घेऊन. त्यानंतर ‘सेंट अँगर’बरोबर आलेली तालमीची डीव्हीडी. तिच्यात तीच अकरा गाणी ट्रुहियोला घेऊन स्टुडिओत वाजवलेली आहेत. कितीतरी फॅन अल्बमऐवजी तीच ऐकतात. तिथे चार वादक एकमेकांकडे बघून वाजवतात, बासला स्वतःचं वजन आहे, आणि ‘फ्रँटिक’ तर धावतं.

शेवटचं गाणं, ‘ऑल विदिन माय हँड्स’, डीव्हीडीवरही लांबच वाटतं. अल्बमवर ते पावणेनऊ मिनिटांचं आहे. पण बँडने २००७ मध्ये ब्रिज स्कूल या शाळेच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात ते नव्याने बांधून अकूस्टिक वाजवलं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबरही ते तशाच बांधणीत आलं. किंचाळणं काढलं, आवर्तनं छाटली, चाल मोकळी केली. गाणं आत होतंच.